सरासरी माणसाचा पत्ता

अमेरिकेचा एक नकाशा २०१३ साली मानसशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पुढे बराच काळ वर्तमानपत्रांतून व समाजमाध्यमांतून फिरत राहिला. त्यातले रंग पक्षांचे नव्हते, पावसाचे नव्हते, उत्पन्नाचेही नव्हते. ते माणसांच्या स्वभावाचे होते. पीटर रेंटफ्रो, सॅम्युएल गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ वर्षांच्या काळात गोळा झालेली १५ लाखांहून अधिक लोकांची उत्तरे एकत्र केली, अलास्का आणि हवाई वगळून उरलेल्या ४८ राज्यांची व राजधानीची सरासरी काढली आणि त्या सरासऱ्यांवरून देशाचे तीन मानसिक प्रदेश पाडले. मधली मैदाने आणि दक्षिणेचा बराचसा भाग स्नेहशील पण रूढीला धरून चालणाऱ्यांचा. पश्चिम किनारा आणि रॉकी पर्वताच्या आसपासची राज्ये निवांत व सर्जनशील लोकांची. आणि ईशान्येकडची राज्ये तापट, मनात येईल ते बोलून मोकळ्या होणाऱ्यांची.

या तीनपैकी पहिल्या आणि तिसऱ्या प्रदेशात मी राहिलो आहे. नोकरीची सुरुवातीची वर्षे मिनेसोटात, मिनीॲपोलिसजवळच्या एका उपनगरात गेली आणि पुढे न्यू जर्सीत एडिसनच्या परिसरात संसार स्थिरावला. मिनेसोटात पाहुणा निघाला की दिवाणखान्यात एकदा, दारात एकदा आणि गाडीशेजारी एकदा असा निरोप होतो, ताटलीतला शेवटचा तुकडा कोणीही उचलत नाही, आणि एखादी गोष्ट मुळीच न आवडलेला माणूस ‘हे जरा वेगळं आहे’ एवढेच म्हणतो. तिथल्या एखाद्या सहकाऱ्याला माझे काम पसंत नाही हे मला त्याच्या तोंडून कधीच कळले नाही. पुढच्या बैठकीत ते काम दुसऱ्याकडे गेलेले दिसले की समजायचे. न्यू जर्सीत तेच पहिल्या काही दिवसांतच, चार लोकांसमोर आणि मोठ्या आवाजात कळले, आणि ज्याने ते सुनावले त्यानेच संध्याकाळी वाहनतळावर थांबून माझी बंद पडलेली गाडी सुरू करून दिली. त्यामुळे तो नकाशा प्रथम पाहिला तेव्हा मी मान डोलावली. आपल्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट आकड्यांनी सांगितली की ते आकडे कुठून आले हे विचारण्याची इच्छा मावळते, आणि या नकाशाच्या बाबतीत तर विचारण्यासारखे पुष्कळ आहे.

स्वभाव मोजण्याच्या या पद्धतीचा उगम एका शब्दकोशात आहे, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९३६ साली वेबस्टरचा मोठा कोश चाळून एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळे दाखवणारे सगळे शब्द वेचून काढले. ते १७,९५३ भरले. त्यांतले सुमारे साडेचार हजार शब्द खऱ्या अर्थाने टिकाऊ स्वभावगुणांचे आहेत, बाकीचे क्षणिक मनःस्थितीचे, निंदास्तुतीचे किंवा शरीराचे आहेत असे त्यांनी ठरवले. यामागची धारणा अशी होती की माणसामाणसांतला जो फरक रोजच्या व्यवहारात महत्त्वाचा ठरतो, त्याला लोकांनी कधी ना कधी नाव दिलेलेच असते. पुढच्या अर्धशतकात अनेकांनी ही रास चाळणीतून गाळत नेली, कोणते शब्द एकमेकांसोबत येतात हे सांख्यिकीने तपासले, आणि शेवटी पाच अक्ष उरले: बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्याची ओढ. ‘बिग फाइव्ह’ या नावाने आज जगभर चालणारी मोजपट्टी ती हीच.

प्रत्यक्षात ही मोजपट्टी म्हणजे प्रश्नावली असते. नकाशासाठीच्या उत्तरांपैकी मोठा भाग ज्या प्रश्नावलीतून आला तिच्यात ४४ विधाने आहेत. मी बोलका आहे, मी इतरांचे दोष काढतो, मी हाती घेतलेले काम नीट पार पाडतो, अशा धाटणीच्या विधानांना एकापासून पाचापर्यंत गुण द्यायचे. ती इंटरनेटवर होती, ज्याला हवी त्याने भरावी, आणि मोबदला म्हणून आपल्या स्वभावाचा अहवाल लगेच वाचावा. स्वतःबद्दल कुतूहल असणारे, संगणकापुढे रमणारे आणि बहुतांशी तरुण लोकच तिथे जास्त येणार हे उघड आहे. संशोधकांनाही ते ठाऊक होते आणि वेगवेगळ्या मार्गांनी जमवलेल्या पाच नमुन्यांत तेच चित्र दिसते का हे त्यांनी पडताळून पाहिले. तेव्हा नमुन्याच्या या दोषावर बोट ठेवून सगळे मोडीत काढणे हा अन्याय होईल.

माझा आक्षेप त्याहून आतला आहे. ‘मी बोलका आहे’ याला किती गुण द्यायचे हे ठरवताना मी कोणाच्या तुलनेत बोलका आहे हे मनात आधी ठरलेले असते, आणि प्रश्नावली ते विचारतच नाही. माहेरच्या मंडळींत माझी बायको अबोल समजली जाते, तर मिनेसोटातल्या आमच्या शेजारणींना ती अखंड बोलणारी वाटत असे. तिने प्रश्नावली भरावी ती कोणाला समोर ठेवून? स्टीव्हन हाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली जपानी आणि कॅनडातल्या लोकांच्या उत्तरांवरून हीच अडचण नेमकेपणाने मांडली: प्रत्येक जण स्वतःला आपल्याच लोकांच्या मापाने मोजतो, त्यामुळे दोन समाजांत खराखुरा फरक असला तरी तो अशा उत्तरांत पुसट होतो किंवा उलटाही दिसू शकतो. अमेरिकेतल्या दोन राज्यांत जपान आणि कॅनडाइतके अंतर नाही, हे मान्य. पण ज्या गावात सगळेच नम्र आहेत तिथला थोडा कमी नम्र माणूस स्वतःला उद्धट समजून दोन गुण देतो, आणि जिथे कोणीच कोणाची भीड ठेवत नाही तिथला जरासा सौम्य माणूस स्वतःला पाच गुण देऊन मोकळा होतो. नकाशाच्या रंगात या दोघांच्या गुणांची भर सारख्याच वजनाने पडते.

प्रत्यक्ष वागणूक पाहणारे संशोधकही होऊन गेले, आणि मला त्यांच्याविषयी अधिक आदर आहे. रॉबर्ट लेव्हिन यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेतल्या ३६ शहरांत जाऊन कोणी परक्याला किती मदत करतो हे रस्त्यावर तपासले आणि निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध केले. चालता चालता पेन ‘चुकून’ पाडायचे, पायाला दुखापत झालेल्याच्या हातून मासिके पाडायची, सुटे पैसे मागायचे, टपालाचे तिकीट लावलेले पत्र कुठेतरी हरवून ते पोचते का पाहायचे. मदतीत सर्वांत वरचे शहर ठरले रोचेस्टर आणि सर्वांत खालचे न्यूयॉर्क. दोन्ही शहरे न्यूयॉर्क राज्यातलीच आहेत. स्वभावाच्या नकाशात त्या राज्याला एकच रंग मिळतो. मदतीचा सर्वांत जवळचा संबंध लेव्हिन यांना आढळला तो वस्तीच्या दाटपणाशी, म्हणजे अशा गोष्टीशी, जी एखाद्या माणसाच्या ‘आत’ नसते; न्यूयॉर्कमधून रोचेस्टरला राहायला गेलेला माणूस तिचे ओझे मागे ठेवूनच जातो.

सरासरीचा प्रश्न तर याच्याही आधीचा आहे. कोणत्याही दोन राज्यांच्या सरासरीत जेवढा फरक असतो त्याच्या कितीतरी पट फरक एकाच राज्यातल्या, किंबहुना एकाच गल्लीतल्या माणसांत असतो. पंगतीला आलेल्या शंभर जणांच्या पावलांची सरासरी काढून चपलांचा एक जोड शिवला तर तो बहुतेकांना चावेल किंवा ढगळ होईल, तसेच हे आहे. लाखो उत्तरे हाताशी असल्यामुळे अगदी लहान फरकही सांख्यिकीच्या कसोटीला उतरतात, आणि नकाशावर मात्र ते लाल, निळे, पिवळे असे ठसठशीत उमटतात. रंगांना ‘किंचित’ म्हणता येत नाही.

या बाबतीत सर्वांत मोलाचा इशारा १९५० सालचा आहे. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९३० च्या जनगणनेतले दोन रकाने घेतले, परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण आणि निरक्षरांचे प्रमाण. तेव्हाच्या ४८ राज्यांची तुलना केली तर असे दिसत होते की जिथे परदेशी जन्माचे लोक जास्त तिथे निरक्षरता कमी. दोन गोष्टी किती सोबत वाढतात-घटतात हे उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान सांगणारा सहसंबंधाचा आकडा उणे ०.५३ इतका ठळक होता. कोणी यावरून म्हणाला असता की बाहेरून आलेली माणसे इथल्यांपेक्षा अधिक शिकलेली आहेत. पण माणसागणिक पाहिले तर चित्र उलटे होते: परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरतेचे प्रमाण थोडे अधिकच होते, सहसंबंध अधिक ०.१२. उलगडा साधा होता. स्थलांतरित कामासाठी न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय अशा राज्यांत उतरत, आणि तिथे मूळच्या लोकांत साक्षरता आधीपासून जास्त होती. राज्याविषयी खरे असलेले विधान त्या राज्यातल्या माणसाविषयी खोटे ठरू शकते, नव्हे नेमके उलटेही असू शकते. स्वभावाच्या नकाशाखाली रॉबिन्सनचे हे दोन आकडे छापावेत असा नियम करता आला तर मला आवडेल.

आता मिनेसोटाकडे परत वळतो, कारण तिथे आणखी एक गाठ आहे. नकाशातल्या ‘स्नेहशील आणि रूढिप्रिय’ प्रदेशाचे वर्णन करताना संशोधकांनी लिहिले की या प्रदेशात सर्वसाधारणपणे रिपब्लिकन पक्षाला अधिक मते पडतात आणि सामाजिक सहिष्णुता कमी आढळते. मिनेसोटा त्या प्रदेशात येते. पण अध्यक्षीय निवडणुकीत १९७६ पासून या राज्याने एकदाही रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिलेला नाही. १९८४ मध्ये रिपब्लिकन रोनाल्ड रेगन ४९ राज्ये जिंकले तेव्हा हे एकच राज्य आपल्या भूमिपुत्राच्या, डेमोक्रॅटिक उमेदवार वॉल्टर मॉन्डेल यांच्या मागे राहिले. समलिंगी विवाहाला घटनेतूनच बंदी घालण्याचा प्रस्ताव २०१२ मध्ये इथल्या मतदारांनी फेटाळला आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळाने अशा विवाहांना मान्यता दिली. शेवटचा तुकडा न उचलणारी, मोठ्याने न बोलणारी, रविवारी लुथेरन चर्चमध्ये जाणारी तीच ही माणसे.

डॅनियल एलाझार या राज्यशास्त्रज्ञाने १९६६ साली राज्यांची वेगळी विभागणी केली होती, ती इथे अधिक उपयोगी पडते. त्यांच्या मते अमेरिकेत तीन राजकीय संस्कृती आहेत: सरकार म्हणजे लोककल्याणाचे साधन मानणारी नैतिक, सरकार म्हणजे बाजारासारखा देवघेवीचा व्यवहार मानणारी व्यक्तिवादी, आणि चालत आलेली उतरंड सांभाळणारी पारंपरिक. मिनेसोटा ही नैतिक संस्कृतीची जणू आदर्श प्रत, न्यू जर्सी व्यक्तिवादी. एकाच राज्याला स्वभावाच्या नकाशात ‘रूढिप्रिय’ आणि मूल्यांच्या नकाशात सुधारणावादी म्हणता येते, आणि दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, कारण स्वभाव आणि मूल्ये या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शिवाय काही गोष्टी या दोहोंपैकी कशातच बसत नाहीत. मतदानाच्या टक्केवारीत मिनेसोटा नेहमी देशात वरच्या क्रमांकावर असते, आणि त्याचे श्रेय तिथल्या लोकांच्या कर्तव्यदक्षतेला द्यायचा मोह होतो. पण मतदानाच्या दिवशीच केंद्रावर जाऊन नाव नोंदवण्याची सोय त्या राज्याने १९७० च्या दशकातच केली होती. कायदा सोयीचा असला की आळशी माणूसही मत देऊन येतो.

मूल्ये किती वेगाने बदलतात याचे अमेरिकेइतके नोंदवलेले उदाहरण दुसरीकडे मिळणे कठीण आहे. गोऱ्या आणि कृष्णवर्णीयांमधला विवाह तुम्हाला मान्य आहे का, असे गॅलप संस्थेने १९५८ साली विचारले तेव्हा होकार देणारे ४ टक्के होते. सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहांवरील बंदी १९६७ मध्ये रद्द केली आणि २०२१ साली होकार ९४ टक्क्यांवर पोचला होता. याच संस्थेच्या पाहणीत कुठल्या ना कुठल्या चर्चचे, सिनेगॉगचे वा मशिदीचे सदस्य असणाऱ्यांचे प्रमाण १९९९ मध्ये ७० टक्के होते ते २०२० मध्ये ४७ टक्क्यांवर आले. बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो असे म्हणणारे १९७२ मध्ये ४६ टक्के होते, २०१८ मध्ये ३४ टक्के उरले. हा प्रश्न शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्था १९७२ पासून जवळपास त्याच शब्दांत विचारत आली आहे. एवढ्या काळात अमेरिकन माणसाची बहिर्मुखता किंवा चिंताग्रस्तता अशी उलटीपालटी झाली असेल असे कोणीही म्हणणार नाही. आणि बदल नेहमी एकाच दिशेने होतो असेही नाही. टोरंटोचे मायकेल ॲडम्स यांनी घरात वडिलांचाच शब्द चालला पाहिजे का असे दोन्ही देशांत विचारले, तेव्हा होकार देणारे अमेरिकन १९९२ मध्ये ४२ टक्के होते आणि २००० मध्ये ४९ टक्के झाले, तर त्याच आठ वर्षांत शेजारच्या कॅनडात हे प्रमाण २६ वरून १८ वर उतरले.

एलाझार यांच्या नकाशातही एक मोठी पोकळी आहे आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. त्यांनी संस्कृतीचे प्रवाह काढले ते प्रामुख्याने युरोपातून आलेल्या वसाहतकारांच्या वाटचालीवरून: ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडचे प्युरिटन पंथीय पश्चिमेकडे सरकले, त्यांना पुढे स्कँडिनेव्हियाचे लोक येऊन मिळाले, दक्षिणेत मळेवाल्यांची उतरंड तयार झाली. मिसिसिपीला पारंपरिक ठरवणारा हा हिशेब तिथल्या मळेवाल्यांचा आहे. पण आज त्या राज्यातली एक तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या कृष्णवर्णीय आहे, इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. ही माणसे चर्चला निष्ठेने जातात, कुटुंबाविषयी आणि प्रार्थनेविषयी शेजारच्या गोऱ्या बाप्टिस्टांसारखीच उत्तरे देतात, आणि मतपेटीत नेमके उलटे मत टाकतात. एकाच चौकटीत इथे दोन इतिहास राहतात, आणि सरासरी ही त्या दोघांपैकी कोणाचीच नसते. शिवाय १९१० पासून १९७० पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसला गेले. जे गेले त्यांच्यासह त्यांची चर्च गेली, त्यांचे जेवण गेले, त्यांचे संगीत गेले. शिकागोच्या दक्षिण भागात मिसिसिपीचा केवढा अंश आहे हे इलिनॉयच्या रंगावरून कोणाला कळेल?

प्रदेशांचे स्वभाव मुळात वेगळे का व्हावेत, याची तीन कारणे रेंटफ्रो आणि गॉस्लिंग यांनी २००८ सालच्या आधीच्या लेखात दिली आहेत: विशिष्ट स्वभावाची माणसे विशिष्ट ठिकाणी जातात, तिथे राहून एकमेकांसारखी होतात, आणि तिथली हवा, जमीन, रोगराई त्यांना घडवते. यांतल्या पहिल्या कारणाला पुष्टी देणारे पुरावे चांगले आहेत. सॅम्युएल बाझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवले की १७९० ते १८९० या शतकात जे जिल्हे वसाहतीच्या सरहद्दीवर अधिक काळ राहिले, तिथे आजही सरकारी मदतीला आणि करांना विरोध जास्त आहे. आणि त्या काळातल्या व्यक्तिवादाचा माग त्यांनी काढला तो बाळांच्या नावांवरून, कारण सरहद्दीवरचे आईबाप मुलांना चारचौघांपेक्षा वेगळी नावे ठेवत होते. त्याच वर्षी तीस लाखांहून अधिक लोकांच्या उत्तरांवर आधारलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात डोंगराळ भागातले लोक नव्याची ओढ सोडली तर बाकीच्या चारही अक्षांवर खाली आढळले. जनगणनेच्या कागदावरची नावे या कामी यावीत हे मला स्वतःविषयीच्या ४४ विधानांपेक्षा जास्त पटते. नाव ठेवणाऱ्याला आपण काही मोजून देत आहोत याची कल्पनाही नव्हती.

परंतु आमच्यासारख्यांचे काय? भारतातून इथे आलेल्या मराठी माणसांची निवड १९६५ च्या स्थलांतर कायद्याने केली, पदवीने केली, आणि अलीकडच्या काळात एच-वन-बीच्या सोडतीने केली. कोण कुठे राहणार हे त्यानंतर ठरले ते ग्राहक कंपनीचे कार्यालय कुठे आहे यावरून. ज्यांना मिनीॲपोलिसमधल्या किरकोळ विक्रीच्या किंवा वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांचे काम मिळाले ते बर्फात गेले, ज्यांना न्यूयॉर्कच्या बँकांचे मिळाले ते एडिसनला किंवा जर्सी सिटीला आले, आणि ज्यांना सॉफ्टवेअर कंपनीनेच थेट घेतले ते कॅलिफोर्नियात. यात स्वभावाने जागा निवडल्याचा भाग फार थोडा. पुढे मात्र दुसरे कारण काम करू लागते. सिएटलहून आणि ह्यूस्टनहून मराठी मंडळांच्या अधिवेशनाला आलेली मंडळी भेटतात तेव्हा चेष्टेने का होईना पण एकमेकांच्या राज्यांची बाजू घेऊन भांडतात, न्यू जर्सीकर मोठ्याने, सिएटलकर सौम्य टोमण्यांनी, आणि मला मौज वाटते ती याची की ही सगळी माणसे पुणे, ठाणे, नाशिक अशा एकाच पट्ट्यातून उठून आलेली असतात.

हा सगळा खटाटोप कुतूहलापोटी चालला असता तर मी एवढे लिहिले नसते. स्वभाव आणि मूल्यांच्या या वर्गवारीला अमेरिकेत फार जुना गिऱ्हाईक आहे. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत अर्नोल्ड मिचेल यांनी १९७८ मध्ये ‘व्हॅल्स’ ही पद्धत तयार केली आणि प्रौढ अमेरिकनांचे नऊ प्रकार पाडले. जेमतेम तगून राहणारे, समाजाला धरून राहणारे, यश मिळवणारे, त्यांची नक्कल करणारे, अनुभवांच्या मागे लागणारे, अशी ती यादी. समाजाला धरून राहणारे त्यात सर्वांत जास्त. जाहिरात क्षेत्रात याचे नेहमी सांगितले जाणारे उदाहरण मेरिल लिंच या दलाली पेढीचे आहे. तिच्या जाहिरातीत बैलांचा कळप धावताना दिसे. यशस्वी, स्वतःच्या बळावर उभ्या राहिलेल्या श्रीमंताला कळपातला एक होणे आवडत नाही असा हिशेब झाला आणि कळपाच्या जागी एकटा बैल आला. त्याच सुमारास जोनाथन रॉबिन यांच्या क्लॅरिटास कंपनीने झिप कोड आणि जनगणना यांची सांगड घालून देशातल्या वस्त्यांचे ४० प्रकार केले आणि त्यांना ‘बंदुका आणि पिकअप’, ‘पोहण्याचे तलाव आणि अंगण’ अशी नावे दिली. टपाल खात्याने १९६३ मध्ये पत्रे लवकर पोचावीत म्हणून सुरू केलेला आकडा अशा रीतीने माणसाची जात सांगू लागला. निदान आम्हा लोकांना तरी याची गंमत वाटू नये.

व्हॅल्सची १९८९ मध्ये नव्याने मांडणी झाली तेव्हा मूल्यांवरचे प्रश्न मागे पडून स्वभावावरचे पुढे आले. मूल्ये हातातून निसटत होती, त्यांच्यावरून उद्या कोण काय विकत घेईल हे सांगता येईना. पुढची पायरी समाजमाध्यमांची. मिखाल कोसिन्स्की आणि डेव्हिड स्टिलवेल यांनी सहकाऱ्यासह २०१३ साली ५८,००० स्वयंसेवकांच्या फेसबुकवरील ‘लाइक’वरून त्यांचा स्वभाव आणि राजकीय कल बऱ्यापैकी ओळखता येतो असे दाखवले. तीन प्रदेशांच्या नकाशावरही हे दोघे सहलेखक आहेत. या दोघांचा पुढच्या प्रकरणात हात नव्हता, पण कल्पना हवेत होती: केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीसाठी ॲलेक्झांडर कोगन यांच्या एका चाचणीतून जमवलेली माहिती फेसबुकच्या स्वतःच्या अंदाजानुसार ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची होती, आणि मार्च २०१८ मध्ये ते उघड झाले तेव्हा मोठी खळबळ उडाली. मतदाराच्या भीतीला किंवा उत्साहाला बेतलेली जाहिरात दाखवून मते फिरवता येतात हा त्या कंपनीचा दावा. तो तिने मोठ्या आवाजात विकला. सिद्ध मात्र झाला नाही.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. अशा मापनातून काही खरे कळत असेल तर ते जागेविषयी कळते: सरहद्द किती काळ टिकली, वस्ती किती दाट आहे, कोण कुठून कुठे गेले, कायदा कोणता आहे. माणसाविषयी त्यातून फार थोडे कळते. पण पैसे देणाऱ्याला जागा नको असते, त्याला माणूस हवा असतो. एक पत्ता, त्या पत्त्यावरचा एक ग्राहक किंवा मतदार. म्हणून रॉबिन्सनचा इशारा कितीही वेळा शिकवला गेला तरी तो अभ्यासवर्गातच राहतो, आणि राज्याची सरासरी घरोघर पाठवली जाते.

गेल्या वर्षी माझे एक ज्येष्ठ स्नेही निवृत्तीनंतर न्यू जर्सीतले घर विकण्याच्या तयारीला लागले. इथला मालमत्ता कर त्यांना पेलवेनासा झाला होता. त्यांनी ॲरिझोना, टेक्सस आणि नॉर्थ कॅरोलिनाचा तक्ता केला, कर, हवामान, इस्पितळे, विमानतळ असे रकाने आखले, आणि एक रकाना स्वभावाचा ठेवला. ‘तुमच्या त्या अभ्यासात नॉर्थ कॅरोलिना कुठे बसते हो?’ असे त्यांनी मला फोनवर विचारले. २००८ च्या लेखात ते राज्य कर्तव्यदक्षतेत अगदी वरच्या क्रमांकात होते, असे मी सांगितले. त्यांनी थोडा विचार करून विचारले, ‘म्हणजे प्लंबर सांगितलेल्या वेळेला येतो का?’ वहिनी मागून म्हणाल्या, बर्फ किती पडतो ते विचारा. मला यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. शेवटी त्यांनी रालेजवळच्या कॅरी गावात राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचा नंबर माझ्याकडून घेतला आणि प्लंबरची, बर्फाची आणि जवळच्या वाण्याच्या दुकानाची चौकशी तिथेच केली.